सेंद्रिय की रासायनिक? यवतमाळच्या वावरातला दीडशे वर्षांचा हिशेब

पीएच.डी.च्या आराखड्यांमध्ये एक विषय हमखास दिसतो : ‘सेंद्रिय व पारंपरिक भाजीपाला शेतीचा तुलनात्मक आर्थिक अभ्यास – यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’. विषय चांगला आहे. जिल्हा कापसाचा, कर्जाचा आणि आत्महत्यांच्या बातम्यांचा. त्यामुळे ‘कोणती शेती परवडते?’ हा इथे परीक्षेपुरता प्रश्न नाही, त्यावर घरं उभी राहतात किंवा मोडतात. अडचण शीर्षकातल्या एका शब्दापासूनच सुरू होते. तो शब्द म्हणजे ‘पारंपरिक’.

इंग्रजी शोधनिबंधांत रासायनिक शेतीला जे नाव आहे, त्याचं आपण सरळ ‘पारंपरिक’ असं भाषांतर करून टाकतो. पण यवतमाळच्या शेतकऱ्याला ‘तुम्ही पारंपरिक शेती करता का?’ असं विचारून बघा. त्याच्या डोळ्यांसमोर आजोबांचं वावर येतं : बैल, शेणखत, ज्वारी, गावरान कापूस. म्हणजे तुमच्या प्रश्नावलीत जो रकाना युरियावाल्यांचा आहे, त्यात तो शेणखतवाल्यांना बसवेल. पहिल्याच प्रश्नाला तुमची माहिती उलटी भरली गेली. म्हणून या लेखात मी ‘रासायनिक’ हाच शब्द वापरतो.

रासायनिक शेती या जिल्ह्यात परंपरा कधी झाली? हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचं उत्तर माहीत नसेल तर नफ्या-तोट्याचं कोष्टक मांडता येत नाही असं माझं म्हणणं आहे. का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा : सरकी गावात राहायची तेव्हा

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरला पोहोचेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ याच कापसासाठी धावू लागली.

हे सगळं शालेय पुस्तकात असतं. पुस्तकात नसतो तो जमिनीचा हिशेब. विज्ञानाच्या अंगाने बघा. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज : कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. हे सगळं पीक हवेतून आणि पाण्यातून घेतं. त्यामुळे रुई गावाबाहेर गेली तरी जमिनीतलं नत्र आणि स्फुरद फारसं जात नाही. ते असतं सरकीत. जोपर्यंत सरकी घरी हाताने काढली जायची, तोपर्यंत ती गावातच राहायची, ढोरांच्या पोटात जायची आणि शेण होऊन वावरात परत यायची. जिनिंग कारखाने शहरात आले तशी सरकीही कापसासोबत गावाबाहेर गेली. चराईच्या जमिनी नांगराखाली आल्या, ढोरांचा चारा कमी झाला आणि शेणखतही कमी झालं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळला. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या पुस्तकात कापसाचा विस्तार आणि दुष्काळ यांचा संबंध सविस्तर मांडला आहे. विषय निवडणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

म्हणजे युरियाचं पहिलं पोतं यायच्या कितीतरी आधी इथली जमीन उणे हिशेबात गेली होती. ‘पूर्वी सगळं सेंद्रिय होतं आणि सुपीक होतं’ हे वाक्य आराखड्याच्या प्रस्तावनेत लिहिण्याआधी दोनदा विचार करा. पूर्वी रसायनं नव्हती हे खरं, पण जमिनीतून नेलेलं परत देण्याची साखळी तेव्हाच तुटायला लागली होती.

ही गोष्ट त्या काळच्या तज्ज्ञांनाही दिसत होती. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात नोंदवलं की जळाऊ लाकूड नसल्यामुळे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जातं. त्याचा उपाय खताच्या कारखान्याचा नव्हता, सरपण आणि चाऱ्यासाठी झाडांची राखीव वनं करण्याचा होता.

दुसरा टप्पा : इंदूर, पऱ्हाटी आणि यशवंत वाड

सेंद्रिय शेतीचा इतिहास लिहिताना आपण थेट युरोपात जातो. खरं तर तो आपल्या शेजारून, काळ्या मातीच्या कापूसपट्ट्यातून गेला. १९२४ मध्ये इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ सुरू झाली. पैसा मुख्यतः इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा आणि काम कापसाच्या संशोधनाचं. अल्बर्ट हॉवर्ड तिथे १९३१ पर्यंत होते. त्यांच्यासोबत यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ होते. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ हे पुस्तक आलं. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजलेलं कंपोस्ट ते हेच. १९४० च्या ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’मुळे हॉवर्ड जगप्रसिद्ध झाले, वाडांचं नाव मात्र तळटीपेत राहिलं.

यवतमाळसाठी यातली मोलाची गोष्ट पऱ्हाटीची आहे. कापूस वेचून झाल्यावर वावरात उभ्या राहणाऱ्या काड्या सहज कुजत नाहीत. इंदूरला त्या शेतरस्त्यावर पसरत, जाणाऱ्या-येणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात आणि मग शेण, मूत्रमाती, राख यांच्यासोबत थरांत रचल्या जात. कल्पना साधी होती : जे जाळलं जातं तेच खत. आजही आपल्याकडे पऱ्हाटी बरीचशी चुलीत जाते किंवा धुऱ्यावर पेटवली जाते.

इंदूर पद्धत सगळीकडे का पसरली नाही? कारण ती कामाने महाग होती. ढीग रचा, पाणी द्या, ठरावीक दिवसांनी उलथवा. संस्थानात पगारी मजूर हे करतात, पण घरच्या माणसांनी करायचं तर त्याची मजुरी कोण धरणार? ‘सेंद्रियचा खर्च कमी’ म्हणताना मजुरी धरली की नाही, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

तिसरा टप्पा : हायब्रीड आणि पोतं

१९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो. अन्नधान्याची टंचाई हा त्या काळाचा जळता प्रश्न होता. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं. १९७० मध्ये संकर-४ हा कापूस आला. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, म्हणजे माल घेणारा ग्राहक ठरलेला. संकरित बी, रासायनिक खत, पीककर्ज आणि हमखास खरेदी असे चार पाय एकदम उभे राहिले.

रासायनिक शेती इथे परंपरा झाली ती या चार पायांवर. ती केवळ जास्त पिकते म्हणून शेतकऱ्याने स्वीकारली हे अर्धं सत्य आहे. तिच्यामागे कर्ज देणारी सोसायटी होती, सल्ला देणारा ग्रामसेवक होता, अनुदानाचं खत होतं आणि माल घेणारं केंद्र होतं. सेंद्रियच्या बाजूला यातलं काहीच नव्हतं. तुलना करताना ही गोष्ट विसरली तर आपण दोन शेतीपद्धतींची तुलना करतोय असं वाटतं, पण प्रत्यक्षात एक पाठबळ असलेली आणि एक नसलेली अशा दोन व्यवस्थांची तुलना होते.

एक साधं गणित करून बघा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २०.७ किलो. पोत्याची किंमत सुमारे २६६ रुपये. खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो, फरक केंद्र सरकार भरतं. आता चांगल्या शेणखतात नत्र असतं अर्धा टक्का. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर जवळपास ४ टन लागेल. ते विकत घेणं, भरणं, वाहून आणणं, पसरवणं, सगळा खर्च शेतकऱ्याचा. शिवाय त्यातलं सगळं नत्र पहिल्या वर्षी पिकाला मिळतही नाही. अर्थात शेणखतातून स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब मिळतो, तो युरियात नाही. पण शेतकऱ्याच्या वहीत दोन्हींची नोंद कशी होते? एकीकडे २६६ रुपये, दुसरीकडे हजारोंनी. सेंद्रिय महाग दिसण्यात अनुदानाचा वाटा किती, हा तुमच्या प्रबंधातला एक स्वतंत्र परिच्छेद होऊ शकतो.

चौथा टप्पा : दोन सुभाष

ऐंशीच्या दशकात या व्यवस्थेचे पाय डगमगायला लागले. सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकं आली, सुरुवातीला अळी पटापट मेली, मग मरेनाशी झाली. फवारण्या वाढल्या, उत्पादन तेवढं वाढेना. याच सुमारास विदर्भातल्या दोन शेतकऱ्यांनी आपापल्या वहीत उलटा हिशेब मांडायला सुरुवात केली.

एक सुभाष पालेकर, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. दुसरे सुभाष शर्मा, आपल्या यवतमाळचे. पालेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, शर्मांना २०२५ मध्ये. दोघांनी सांगितलेला आलेख मिळताजुळता आहे. आधी रासायनिक शेती, काही वर्षं भरघोस उत्पादन, मग तेवढ्याच खतात कमी माल. शर्मा सांगतात की १९७५ पासून त्यांनी रासायनिक शेती केली, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तोट्यात गेली आणि १९९४ पासून ते पूर्णपणे निसर्गाच्या पद्धतीकडे वळले.

दोघांचा मार्ग मात्र एक नाही, आणि हा फरक तुमच्या व्याख्येत यायला हवा. पालेकरांचा भर जीवामृतावर : एकरी २०० लिटर पाण्यात देशी गाईचं १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. बाहेरून विकत काही आणायचं नाही. गांडूळखत आणि विकतच्या सेंद्रिय निविष्ठांनाही त्यांचा विरोध आहे. त्यामुळे ‘सेंद्रिय’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर दोन्हीकडचे शेतकरी तुम्हाला टोकतील. शर्मांचा भर गाय, झाडं, पक्षी आणि वनस्पती या चौकडीवर, आणि त्याच्याही आधी पाण्यावर : समपातळीवर पेरणी, पाणी वावरातच जिरवणं, हिरवळीची खतं, मिश्र पिकं. शिवाय त्यांच्या शेतात भाजीपाल्याला मोठं स्थान आहे.

भाजीपाला का? कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही दिवाळीनंतर, आणि बराचसा सावकार किंवा कृषी केंद्राच्या उधारीत जातो. मेथी, कोथिंबीर, पालक महिना-दीड महिन्यात बाजारात जातात. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी भाजी लावली तर एकीचा भाव पडला तरी दुसरी तारते. रोख पैसा हातात राहिला की उधारीवर औषध घ्यावं लागत नाही. म्हणजे इथे नफ्याचं कारण फक्त ‘सेंद्रिय’ नाही. पीकरचना आणि रोकड यांचाही त्यात मोठा वाटा आहे. संशोधक म्हणून तुम्हाला हे वेगळं काढावं लागेल : शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलं ते खत बदलल्यामुळे, पीक बदलल्यामुळे, की पाणी अडवल्यामुळे? तिन्ही एकदम बदललेल्या शेतकऱ्याची तुलना निव्वळ कापूस लावणाऱ्याशी केली, तर उत्तर येईल, पण ते तुमच्या प्रश्नाचं नसेल.

पाचवा टप्पा : प्रमाणपत्र आणि योजना

नव्वदच्या दशकात परदेशातून सेंद्रिय कापसाला मागणी आली आणि यवतमाळ भागात ‘विदर्भ ऑर्गॅनिक फार्मर्स असोसिएशन’ ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे नियम आले. त्यानुसार भाजीपाल्यासारख्या हंगामी पिकाला माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकण्याआधी जमीन साधारण दोन वर्षं रूपांतरात ठेवावी लागते. या काळात उत्पादन घटू शकतं आणि जादा भावही मिळत नाही. ज्याच्या अंगावर कर्ज आहे त्याने ही दोन वर्षं कशावर काढायची? अल्पभूधारक सेंद्रियकडे का वळत नाही, याचं उत्तर ‘जागृतीचा अभाव’ या छापील निष्कर्षापेक्षा इथे जास्त सापडेल.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटी वाणावर सेंद्रिय प्रमाणपत्र मिळत नाही आणि काही वर्षांतच बाजारात बिगर-बीटी बियाणं शोधावं लागायला लागलं. सेंद्रिय कापसाची वाट अशी बियाण्याच्या दुकानातच अडली. भाजीपाल्यात ही अडचण तुलनेने कमी, म्हणून आज सेंद्रियचा प्रयोग करणारा शेतकरी आधी भाजीकडे वळलेला दिसला तर नवल नाही.

२०१५ मध्ये केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आली : शेतकऱ्यांचे गट, तीन वर्षांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये आणि शेतकऱ्यांनीच एकमेकांची तपासणी करायची अशी प्रमाणीकरणाची पद्धत. २०१८ मध्ये राज्याने डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू केलं, अमरावती विभाग आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी. योजनेतला शेतकरी तुमच्या नमुन्यात असेल तर त्याला मिळालेलं अनुदान वेगळ्या रकान्यात लिहा. योजना संपल्यानंतरच्या वर्षी तो काय करतो, हीच खरी कसोटी.

एकाच मातीतली दोन उत्तरं

आता आकड्यांकडे येऊ. यवतमाळच्या मातीला आणि पिकांना जवळचे, काटेकोर अभ्यास मध्य प्रदेशच्या निमाड भागात झाले आहेत. कापूसच आहे, पण पद्धत शिकायला उत्तम.

पहिला अभ्यास २००३ ते २००५ मधला, फ्रँक आयहॉर्न आणि सहकाऱ्यांचा. शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष वावरांची तुलना. निष्कर्ष : सेंद्रिय कापसाचं उत्पादन रासायनिकच्या बरोबरीचं, एकूण खर्च १० ते २० टक्के कमी आणि २० टक्के जादा भाव धरून ढोबळ नफा ३० ते ४० टक्के जास्त.

दुसरा त्याच भागातला, २००७ ते २०१० मधला, आखून केलेल्या प्रयोगक्षेत्रावरचा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन वर्षांच्या फेरीत सेंद्रिय कापूस २९ टक्के कमी, गहू २७ टक्के कमी, आणि रासायनिकचा ढोबळ नफा २९ टक्के जास्त. दुसऱ्या फेरीत कापूस आणि गव्हाचं उत्पादन सारखं, आणि सेंद्रियचा नफा २५ टक्के जास्त.

कोणता खरा? दोन्ही. पहिल्यात प्रमाणित सेंद्रिय शेतकरी होते, म्हणजे जे टिकले ते. मध्येच सोडून गेलेले नमुन्यात येत नाहीत. दुसऱ्यात रूपांतराची वर्षंही मोजली गेली. आणखी एक बारकावा : दुसऱ्या फेरीत बरोबरी झाली ती रासायनिक क्षेत्रांतलं उत्पादन खाली आल्यामुळे. फक्त शेवटचं कोष्टक बघणारा लिहील, ‘सेंद्रियचं उत्पादन वाढून बरोबरीला आलं.’ चुकीचं वाक्य. आणि दोन वर्षांत प्रबंध संपवणारा विद्यार्थी जे उत्तर देईल, त्याच्या बरोबर उलटं चार वर्षं थांबणारा देईल.

भाजीपाल्याचं काय? २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात सेंद्रियचं उत्पादन सरासरी २५ टक्के कमी आढळलं, भाजीपाल्यात ३३ टक्के. उत्पादन ३३ टक्के घटलं तर तेवढाच पैसा येण्यासाठी भाव जवळपास ५० टक्के जास्त हवा. ऐकून धडकी भरते. पण खर्चही बदलतो. समजा, रासायनिक भाजीत १०० रुपयांची विक्री आणि ४० रुपये खर्च, हातात ६०. सेंद्रियमध्ये माल २० टक्के कमी आणि खर्च ३० रुपये, तर त्याच भावात हातात ५०. बरोबरीसाठी भाव फक्त साडेबारा टक्के जास्त लागेल. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या शेतकऱ्यांचे तुम्ही भरा. २०१५ च्या क्राउडर आणि रेगनॉल्ड यांच्या जागतिक विश्लेषणातही असंच दिसलं : बरोबरीसाठी ५ ते ७ टक्के जादा भाव पुरतो, प्रत्यक्षात २९ ते ३२ टक्के मिळतो. जादा भाव काढून घेतला तर मात्र सेंद्रिय मागे पडते.

म्हणजे सगळा खेळ जादा भावाचा. आणि यवतमाळच्या आठवडी बाजारात सेंद्रिय वांगं आणि फवारलेलं वांगं एकाच ढिगात पडलं की भाव एकच. ओळखीचं गिऱ्हाईक बांधलं तरच फरक मिळतो. नागपूर गाठायचं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, भाजी नाशवंत. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे थेट विक्रीची वाट मोकळी झाली. पण त्या वाटेवर चालायला वाहन, वेळ आणि घरातलं एक मोकळं माणूस लागतं. तो खर्च ‘विपणन’ या रकान्यात लिहिलाय का, ते तपासा.

वहीत कोणते रकाने हवेत

कृषी खर्च आणि मूल्य आयोग खर्च वेगवेगळ्या पातळ्यांवर मोजतो. ए-२ म्हणजे ढोबळमानाने प्रत्यक्ष खर्च, त्यात घरचं बी आणि घरचं शेणखतही किंमत लावून धरतात. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज मिळवलं की सी-२. सेंद्रिय भाजीत निंदण, तोडणी, जीवामृत ढवळणं ही कामं बहुतेक घरच्या बाईच्या वाट्याला येतात. तिची मजुरी शून्य धरली तर सेंद्रिय झकास परवडते. किंमत लावली तर फरक आकसतो. दोन्ही आकडे द्या, आणि कोणता कोणता ते स्पष्ट लिहा.

तुलना विहीरवाल्याची विहीरवाल्याशीच करा, कोरडवाहूशी नको. एका हंगामावर थांबू नका, कारण भाजीचा भाव एका वर्षात कोणालाही राजा करतो. आणि ज्यांनी सेंद्रिय सोडली अशा शेतकऱ्यांना मुद्दाम शोधा, कारण योजनेच्या यादीत ते सहसा सापडत नाहीत.

रासायनिकच्या बाजूलाही एक रकाना रिकामा असतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मरण पावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या हंगामाचा एकरी खर्च कोणीही काढला तरी त्यात औषधाची बाटली येते, फवारणीची रोजी येते, मेलेल्या मजुराचं घर येत नाही. ते ना ए-२ मध्ये आहे, ना सी-२ मध्ये. भाजीपाल्यात तर फवारणी आणि तोडणी यांच्यात मोजके दिवस असतात, म्हणजे धोका फवारणाऱ्याबरोबर खाणाऱ्यालाही. या खर्चाला रुपयांत किंमत लावणं अवघड आहे, मान्य. पण निदान फवारण्यांची संख्या, हातमोजे-मास्क वापरले का, वर्षात किती दिवस आजारपणात गेले, एवढं तरी प्रश्नावलीत विचारता येतं. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

दीडशे वर्षांत हिशेबातून काय वगळलं गेलं ते बघा. १८६० नंतर सरकीतलं नत्र वगळलं गेलं. इंदूर पद्धत घरी करायची वेळ आली तेव्हा मजुरी वगळली गेली. सत्तरच्या दशकात अनुदान वगळलं गेलं, २०१७ मध्ये माणूस. सेंद्रियवाले घरच्या बाईचे श्रम वगळतात, रासायनिकवाले सरकारी तिजोरी आणि दवाखाना. तुमच्या प्रबंधाने ‘अमुक शेती परवडते’ असा निकाल दिला नाही तरी चालेल. कोण काय वगळून परवडतं म्हणतोय, एवढं रकान्यासकट दाखवलं तर पुसद, दारव्हा किंवा घाटंजीतल्या शेतकऱ्याला पुढच्या हंगामाचा निर्णय घ्यायला तो आकडा उपयोगी पडेल. आराखडा लिहिताना पहिल्या पानावर विषयाच्या खाली तेवढा एक प्रश्न लिहून ठेवा आणि शीर्षकातला ‘पारंपरिक’ आजच खोडून टाका.